कपाटामागची भिंत : एका न दिसणाऱ्या जागेचा इतिहास

घरातील सर्वांत कमी पाहिली जाणारी जागा कोणती, असा प्रश्न विचारला तर बहुतेकांना उत्तर लगेच सुचणार नाही. ती जागा न दिसणारी असते, हेच त्याचे कारण. झोपण्याच्या खोलीत जड पलंग, लोखंडी कपाट, पेटारा किंवा धान्याची कणगी भिंतीला टेकवून ठेवली की मागे चार बोटांची फट उरते. तेथे केरसुणी पोहोचत नाही, उजेड जात नाही, पंख्याचा वाराही लागत नाही. वर्षातून एकदा, दसरा-दिवाळीच्या आधी, घरातील चारजण मिळून कपाट पुढे ओढतात, तेव्हा त्या भिंतीचे दर्शन होते. धूळ झटकली जाते आणि कपाट परत जागेवर जाते.

भारताच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात मात्र ही फट उपेक्षित राहिलेली नाही. गेल्या सव्वाशे वर्षांत शासनयंत्रणा किमान तीन वेळा या फटीपर्यंत पोहोचली. पहिल्यांदा प्लेगच्या निमित्ताने, दुसऱ्यांदा मलेरियाच्या आणि तिसऱ्यांदा काळ्या आजाराच्या. प्रत्येक वेळी जड सामान भिंतीपासून हलवावे लागले आणि प्रत्येक वेळी ते कोणी, कोणत्या समजुतीने आणि कोणाच्या संमतीने हलवले, यावर यशापयश ठरले. काळ्या आजाराच्या उच्चाटनाच्या बातम्या वाचताना हा मागचा प्रवास डोळ्यांसमोर असणे आवश्यक आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. प्लेगचा जीवाणू त्यापूर्वी दोनच वर्षे, १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधून काढला होता. शत्रू कोण हे कळले होते; तो माणसापर्यंत कसा येतो हे कळले नव्हते. जीवाणू घाणीत, ओलाव्यात, जमिनीत आणि भिंतींत वास करतो, अशी तत्कालीन समजूत होती. त्या समजुतीतून जी मोहीम निघाली ती सरळ घराच्या अंतर्भागावर चालून गेली. अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावे म्हणून छपरांची कौले काढण्यात आली. जंतुनाशके मिसळलेले पाणी भिंतींवर आणि जमिनीवर ओतण्यात आले. चुन्याचे हात फिरले. अंथरुणे, कपडे आणि घरातील सामान बाहेर काढून जाळण्यात आले. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरे रंगवली जात.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा संमत झाला. पुण्यात वॉल्टर रँड यांच्या अधिपत्याखालील प्लेग समितीने घरझडतीसाठी गोऱ्या सैनिकांची पथके वापरली. माजघर आणि देवघर परक्या माणसांपुढे उघडे पडले, त्याचा संताप सर्वश्रुत आहे. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. महाराष्ट्राला हा इतिहास राजकीय अंगाने परिचित आहे. त्याचे वैज्ञानिक अंग तितकेच उद्बोधक आहे, कारण एवढा बळाचा वापर करून जे केले गेले ते मुळातच चुकीच्या लक्ष्यावर रोखलेले होते.

१८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच वैद्यकाने कराचीत एक साधा प्रयोग केला. आजारी उंदीर आणि निरोगी उंदीर यांना एकमेकांचा स्पर्श होणार नाही अशा रीतीने जवळ ठेवले. मध्ये केवळ पिसवांना ओलांडता येईल एवढीच वाट होती. निरोगी उंदराला प्लेग झाला. सिमों यांच्या निष्कर्षावर कित्येक वर्षे कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग मोकळे सोडून त्यांच्या अंगावर जमणाऱ्या पिसवा मोजल्या आणि १९०५ पासून काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने उंदीर-पिसू-माणूस ही साखळी निःसंशय सिद्ध केली.

या ज्ञानाच्या उजेडात मागे पाहिले की त्या मोहिमेतील विसंगती लक्षात येते. घरातला उंदीर मोकळ्या जमिनीवरून सहसा चालत नाही; अंग भिंतीला घासत, आडोशाने जातो. जड सामानामागची फट हा त्याचा राजमार्ग. १८९७ ची पथके त्या फटीपर्यंत पोहोचली होती खरी, पण तेथे उंदराची वाट शोधण्याऐवजी ती भिंतीतले जंतू धूत बसली. पाण्याने आणि धुराने हुसकलेला उंदीर आपल्या पिसवांसह शेजारच्या घरात जाणार, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानी आले नाही. पुढील दोन दशकांत देशभरात सुमारे १ कोटी माणसे प्लेगने दगावली.

योगायोग असा की, रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच वर्षी, २० ऑगस्ट १८९७ रोजी, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना अॅनोफिलीस डासाच्या जठराच्या भित्तीत मलेरियाच्या परजीवीची वाढ दिसली. पहिली काही दशके मलेरियाविरुद्धचा लढा घराबाहेरच चालला. डबकी बुजवणे, पाण्यावर तेल टाकणे, गटारे वाहती ठेवणे हे त्याचे स्वरूप होते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मद्रास प्रांतात पॉल रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरांच्या आत पायरेथ्रमची फवारणी करून पाहिली आणि ती उपयोगी ठरली. मात्र या वनस्पतिजन्य द्रव्याचा परिणाम अल्पकाळ टिके. फवारणी पुन्हापुन्हा करावी लागे.

१९३९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये पॉल म्युलर यांनी डीडीटीचा कीटकनाशक गुण ओळखला आणि भिंतीचा अर्थच बदलला. डीडीटी भिंतीवर महिनोन्महिने टिकते. रक्त पिऊन जड झालेली डासाची मादी लगेच दूर उडून जात नाही. जवळच्या भिंतीवर विसावते. त्या भिंतीवर सूक्ष्म थर असला की पायांतून विष भिनते. म्हणजे डासाच्या मागे धावण्याची गरज नाही. तो जेथे बसणार ती जागा आधीच तयार ठेवायची. प्लेगच्या काळात भिंत ही संशयित होती. आता ती सापळा झाली.

या तत्त्वाचा नागरी वस्तीवरील मोठा भारतीय प्रयोग डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी मुंबई प्रांतातील कानडा आणि धारवाड जिल्ह्यांत १९४६ च्या सुमारास केला. त्याच्या यशावर पुढील राष्ट्रीय धोरण उभे राहिले. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा देशात दरवर्षी अंदाजे ७.५ कोटी लोकांना मलेरिया होत होता आणि ८ लाख मृत्यू होत होते. १९६० च्या दशकाच्या मध्यास नोंदलेल्या रुग्णांची संख्या सुमारे १ लाखावर आली. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात एवढी वेगवान घसरण क्वचितच आढळते.

आणि याच घसरणीत एक दुसरा रोग, कोणी नेम न धरता, जवळजवळ नाहीसा झाला. तो म्हणजे काळा आजार.

गंगेच्या खोऱ्यात आणि आसामात शंभराहून अधिक वर्षे या रोगाचे थैमान होते. दीर्घकाळ ताप, फुगलेली प्लीहा, खंगत जाणारे शरीर, काळवंडणारी त्वचा आणि उपचार न झाल्यास बहुधा मृत्यू. डमडमच्या छावणीत आजारी पडलेल्या एका सैनिकाच्या प्लीहेत विल्यम लीशमन यांना आणि मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांना जे सूक्ष्म कण दिसले, त्यांची वर्णने १९०३ मध्ये प्रसिद्ध झाली. परजीवीला दोघांचीही नावे मिळाली: लीशमेनिया डोनोव्हनी. कोलकात्याच्या कॅम्पबेल रुग्णालयातील तुटपुंज्या प्रयोगशाळेत उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० मध्ये युरिया स्टिबामाइन हे औषध सिद्ध केले आणि असंख्य प्राण वाचवले.

रोगाचा वाहक कोण, हे कोडे मात्र सुटत नव्हते. जॉन सिंटन यांनी १९२० च्या दशकात दाखवून दिले की, काळ्या आजाराचा नकाशा आणि फ्लेबोटोमस अर्जेंटिपस या वाळूमाशीचा नकाशा एकमेकांवर बेमालूम बसतात. पण नकाशे जुळणे हा पुरावा नव्हे. प्रयोगशाळेत वाळूमाशी दुसऱ्यांदा रक्त प्यायल्यावर मरून जाई, त्यामुळे दंशातून संसर्ग होतो हे सिद्ध करता येईना. शेवटी संशोधकांनी तिला रक्तानंतर मनुक्यांचा रस देऊन पाहिला. निसर्गात ही माशी वनस्पतींचा गोड रस पितेच. त्या आहारावर ती जगली, तिच्या पोटातील परजीवी भरघोस वाढले आणि १९४२ मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी आसामातील स्वयंसेवकांवर प्रयोग करून संसर्गाचा मार्ग निर्विवादपणे दाखवून दिला. अनेक वर्षांचे कोडे मनुक्यांनी सुटले.

ही वाळूमाशी जेमतेम २ ते ३ मिलिमीटरची, केसाळ आणि उडण्यात दुबळी असते. ती टप्प्याटप्प्याने उड्या मारत जाते. मंद वाऱ्यातही तिचा तोल जातो. तिची अंडी आणि अळ्या गोठ्याजवळच्या ओलसर, सेंद्रिय कचरा मिसळलेल्या मातीत वाढतात. दिवसभर ती शांत, अंधाऱ्या, दमट जागी बसून राहते. मातीच्या भिंतीच्या भेगा, गोठ्याचे कोपरे आणि जड सामानामागची फट ही तिची घरे.

ही निवड केवळ सवयीची नाही. तिच्यामागे पदार्थविज्ञान आहे. जीव जितका लहान, तितके त्याचे पृष्ठफळ आकारमानाच्या मानाने मोठे आणि तितक्याच वेगाने त्याच्या शरीरातील पाणी उडून जाते. इतक्या लहान माशीला कोरड्या, वाहत्या हवेत दिवस काढणे म्हणजे मरणच. याउलट दोन जवळजवळच्या पृष्ठभागांमधील हवा चिकटपणामुळे जवळजवळ स्थिर राहते. खोलीत पंखा फिरत असला तरी अरुंद फटीत तो प्रवाह शिरत नाही. मातीची भिंत जमिनीतून ओढलेला ओलावा हळूहळू सोडत असते. मोकळ्या भिंतीवरची वाफ वाऱ्याबरोबर निघून जाते, फटीतली तेथेच साठते. ऊन पोहोचत नसल्याने तापमानाचे चढउतारही कमी. अशा रीतीने एका सामान्य खोलीत, कपाटाच्या मागे, एक वेगळेच हवामान तयार होते. वाळूमाशी ते अचूक शोधते.

मलेरियासाठी फवारलेल्या डीडीटीने वाळूमाशीही मारली गेली. मात्र मलेरिया ओसरल्यावर फवारणी थांबली, सर्वेक्षण सैलावले, आणि दोन्ही शत्रू परतले. १९७६ मध्ये देशात मलेरियाचे ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्याच दशकात उत्तर बिहारमध्ये, विशेषतः वैशालीच्या परिसरात, काळ्या आजाराची मोठी साथ उसळली. १९९२ मध्ये अधिकृत नोंदींनुसार ७७,१०२ रुग्ण आणि १,४१९ मृत्यू झाले. प्रत्यक्षातील संख्या याहून मोठी असणार हे उघड आहे. रुग्णांत बहुसंख्य मातीच्या घरांत राहणारी, गोठ्याला लागून झोपणारी, भूमिहीन कुटुंबे होती.

२००५ मध्ये भारत, नेपाळ आणि बांगलादेश यांनी काळा आजार उच्चाटनाचा संयुक्त करार केला. भारतात गटपातळीवर वर्षाला १० हजार लोकसंख्येमागे १ पेक्षा कमी रुग्ण, हे लक्ष्य ठरले. बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल या चार राज्यांतील ६३३ गट बाधित होते. आशा कार्यकर्त्या आणि आरोग्यसेवकांनी घरोघरी रुग्ण शोधले. झटपट निदानाची चाचणी गावपातळीवर आली. श्याम सुंदर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये लिपोसोमल अॅम्फोटेरिसिन बी या औषधाच्या एकाच मात्रेची परिणामकारकता दाखवून दिली आणि महिनाभराचे उपचार एका दिवसावर आले.

या सर्वांइतकेच महत्त्वाचे, परंतु बातम्यांत क्वचितच येणारे काम म्हणजे फवारणी. तिचे गणित समजून घेण्यासारखे आहे. डीडीटीची ठरलेली मात्रा दर चौरस मीटरला १ ग्रॅम. ती नेमकी बसावी म्हणून फवाऱ्याचे तोंड भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर धरायचे, हात ठरावीक गतीने वरखाली फिरवायचा आणि ७५ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा पाडत जायचे. वाळूमाशी उंच जात नाही, म्हणून ६ फुटांपर्यंतची भिंत पुरते. आता कपाट भिंतीपासून चार बोटांवर असेल तर? ४५ सेंटिमीटरचे अंतर मिळणेच अशक्य. बाजूने तोंड खुपसून फवारले तर कडेचा चिंचोळा पट्टा भिजून निथळतो आणि मधली भिंत कोरडी राहते. म्हणजे ज्या भिंतीवर माशी बसत नाही तेथे औषध, आणि जेथे ती दिवसभर बसते तेथे काहीच नाही. सामान खोलीच्या मध्यभागी ओढून झाकून ठेवा, ही सूचना म्हणूनच शिष्टाचाराचा भाग नाही. मोहिमेचा गाभा तोच आहे.

बिहारमधील तपासण्यांत अनेक भिंतींवर ठरल्यापेक्षा कितीतरी कमी कीटकनाशक आढळले, शिवाय वाळूमाशीत डीडीटीविरुद्ध प्रतिकारशक्तीही आली होती. म्हणून २०१५-१६ च्या सुमारास दोन बदल झाले. डीडीटीच्या जागी अल्फा-सायपरमेथ्रिन हे कृत्रिम पायरेथ्रॉइड आले; त्याची मात्रा दर चौरस मीटरला अवघी २५ मिलिग्रॅम. पायाने दाबून धरायच्या जुन्या, दाब कमीजास्त होणाऱ्या पंपांऐवजी दाब साठवणारे हातपंप आले. यंत्र सुधारले, रसायन सुधारले. सामान हलवण्याचा प्रश्न मात्र यंत्राने सुटणारा नव्हता.

तो प्रश्न माणसांचा आहे. फवारणीचे पथक दिवसा येते. घरातील कर्ते पुरुष पंजाब, दिल्ली, सुरत किंवा मुंबईत मजुरीला गेलेले असतात. मागे राहिलेली सून आणि म्हातारी सासू यांनी लाकडी चौकी, पेट्या, धान्याची पोती हलवायची, भांडी बाहेर आणायची. ज्या घरात धान्य साठवण्याची मातीची कोठी आहे, तेथे ती हलणारच नाही. तिच्या मागची भिंत तशीच राहते. झोपण्याची खोली आणि देवघर परक्या पुरुषांना दाखवण्यास नकार मिळतो. पुण्याच्या माजघरातील १८९७ चा संकोच आणि हा संकोच यांत फारसा भेद नाही. भेद इतकाच की, आता दारात बंदूक नसून आशाताई उभी असते. आणि तिला समजावण्याखेरीज दुसरे साधन नाही. तिचे साधन दुबळे वाटले तरी टिकाऊ तेच ठरले आहे.

दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. भिंत स्वच्छ ठेवणारे घरच कधीकधी फवारणीचा परिणाम पुसून टाकते. दिवाळी आणि छठपूजेआधी बिहारमधील मातीची घरे नव्याने लिंपली जातात. भेगा बुजतात हे उत्तम. पण भिंतीवरचा औषधाचा थर नव्या मातीखाली गाडला जातो. स्वच्छतेची परंपरा आणि कीटकशास्त्र यांच्यात येथे विरोध नाही. केवळ क्रम चुकतो. आधी लिंपण, मग फवारणी, हा क्रम पाळला तर दोन्ही एकमेकांना बळ देतात. गावाच्या दिनदर्शिकेकडे न पाहता आखलेली फेरी वाया जाते.

हा विषय केवळ बिहारचा आहे असे समजू नये. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात पुण्याच्या विषाणू संशोधकांना एक नवा विषाणू सापडला. गावाच्या नावानेच तो ओळखला जातो आणि वाळूमाशी त्याची प्रमुख वाहक मानली जाते. २००३ मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात, तर २०२४ मध्ये गुजरातेत त्याने लहान मुलांचे बळी घेतले. या विषाणूवर नेमके औषध नाही. तेथेही भेगा बुजवणे, कोपरे कोरडे ठेवणे आणि भिंतींवर फवारणी करणे हाच उपाय आहे.

२०२३ च्या अखेरीस भारतातील सर्व ६३३ गट ठरलेल्या मर्यादेखाली आले. १९९२ मध्ये ७७ हजारांवर असलेली वार्षिक रुग्णसंख्या आता हजाराच्या आत आहे. बांगलादेशाला २०२३ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने उच्चाटनाची मान्यता दिली. अशा मान्यतेसाठी ही मर्यादा सलग तीन वर्षे टिकवून दाखवावी लागते. ही कामगिरी खऱ्या अर्थाने राष्ट्रीय अभिमानाची आहे.

तथापि उच्चाटन म्हणजे निर्मूलन नव्हे. बरे झालेल्या काही रुग्णांच्या त्वचेवर महिन्यांनी किंवा वर्षांनी फिकट चट्टे आणि गाठी उमटतात. त्यांत परजीवी जिवंत असतात आणि त्यांना चावणारी वाळूमाशी साखळी पुन्हा सुरू करू शकते. माणूस ठणठणीत असतो, म्हणून दवाखान्यात जात नाही. गावात पाच वर्षांत एकही रुग्ण नसला की पथकासाठी चौकी हलवण्याचा उत्साहही उरत नाही. ‘आमच्याकडे आता तो रोग कुठे आहे?’ हा प्रश्न स्वाभाविक आहे. १९६० च्या दशकात हाच प्रश्न मलेरियाबाबत गावापासून मंत्रालयापर्यंत विचारला गेला होता आणि त्याचे उत्तर १९७६ ने दिले.

प्लेगच्या काळात बळ होते, ज्ञान नव्हते. मलेरियाच्या काळात ज्ञान आले, पण यश दिसताच सातत्य सुटले. काळ्या आजाराच्या लढ्यात ज्ञान, औषध आणि लोकांची संमती प्रथमच एकत्र आली आहेत. आता कसोटी आहे ती रुग्ण दिसेनासे झाल्यानंतरच्या वर्षांची. वैशालीतील एखादी सासू-सून, गावात कोणी आजारी नसतानाही, पथक दारात आल्यावर जड चौकी भिंतीपासून दोन हात पुढे ओढते की नाही, यावर त्या कसोटीचा निकाल ठरणार आहे.